कॉपी पकडणाऱ्या बाई आणि फोनातली शाळा

पिंपरी पेंढारच्या वैजयंतीबाईंना कुणी विचारलं, "बाई, चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये गणित शिकवलंत, काय कमावलंत?" तर त्या सांगतात, "दोन हजार चिठ्ठ्या!" चिठ्ठ्या म्हणजे कॉपीच्या, परीक्षेत पकडलेल्या. मोज्यातल्या, बाहीतल्या, वेणीत गुंफलेल्या, कंपासपेटीच्या तळाशी डकवलेल्या. बाई वर्गात शिरल्या की पोरं आपणहून खिसे उलटे करून दाखवायची. एकदा तर हात मोडलेल्या पोराच्या प्लास्टरमध्ये कॉपी आहे, असा त्यांना वास आला. तीन मास्तरांना साक्षीला उभं करून त्यांनी ते प्लास्टर पट्टीनं टोकरलं. आत फक्त हात होता, मोडलेला. हा किस्सा बाई स्वतःच सांगतात आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसतात. पण ते हसणं अलीकडचं आहे हो. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "आज नसेल, काल असेल."

अशी बाई निवृत्त होऊन घरी बसली म्हणजे घराचं काय होणार? सून वृषाली भाजीत मीठ घालायला गेली की मागून आवाज यायचा, "मोजून घेतलंस का?" नवरा, रामनाथराव, दूध आणायला गेले की परत यायला किती मिनिटं लागली, याचा हिशेब द्यायचे. दोन महिन्यांत सगळे मेटाकुटीला आले. मग वृषालीनंच फोनवर एक जाहिरात शोधून काढली. एका ऑनलाइन ख्रिस्ती शाळेला मराठीतून गणित शिकवणाऱ्या बाई हव्या होत्या. सासूबाई रोज सकाळी तीन तास कुठंतरी गुंतल्या पाहिजेत, एवढा एकच शुद्ध हेतू त्यामागं होता.

शाळेचं नाव लांबलचक होतं. गावात ती 'फोनातली शाळा' झाली. तिच्या मुख्याध्यापिका नगरकडच्या, एस्तेर भिंगारदिवे. आवाज असा मऊ की बाईंना पहिल्या पाच मिनिटांतच शंका आली, ही बाई शाळा चालवत असेल कशी! मुलाखतही फोनवरच झाली. फोन तुरीच्या डब्याला टेकवलेला.

"आमची मुलं जागेवर नसतात," भिंगारदिवे मॅडम म्हणाल्या. "कुणी ऊसतोडीला जातं, कुणी वीटभट्टीवर, कुणी टोमॅटोच्या तोडणीला. शाळा मागं राहते. म्हणून आम्ही त्यांच्या मागं शाळा पाठवतो. मूल कुठल्याही घरातलं असो, कुठल्याही देवाचं नाव घेणारं असो."

"बरं. आणि नंबर किती काढायचे? पहिले तीन का पहिले पाच?"

"नंबर नाहीत. प्रत्येक मूल देवानं हातानं घडवलंय, असं आम्ही मानतो. आपण त्याला ओळखायचं. ओळखल्यावर शिकवणं सोपं जातं."

बाईंनी मान डोलावली. मनात म्हणाल्या, देवानं घडवलं असेल, पण पाढे तर मलाच घडवायचेत.

"आणि परीक्षेला आमच्याकडं पहारा नसतो," मॅडम पुढं म्हणाल्या. "मूल पेपर सोडवतं आणि शेवटी एक ओळ लिहून सही करतं, 'हे मी स्वतः सोडवलं.' आम्ही ती ओळ खरी मानतो. देव आपल्यावर आधी विश्वास टाकतो, आपली तपासणी करून मग नाही. तीच रीत आम्ही शाळेला लावलीय."

बाईंना ठसकाच लागला. पहारा नाही! त्यांना वाटलं, आपण कुलूप नसलेल्या तिजोरीवर राखणदार म्हणून रुजू होतोय. पण घरी बसून मीठ मोजण्यापेक्षा हे बरं, म्हणून हो म्हणाल्या.

गावात अर्थातच चर्चा झाली. शेजारचा कुशाबा दारात येऊन म्हणाला, "बाई, तुमी आता देऊळ सोडून चर्चात जानार म्हनं?"

"चौतीस वर्षं सरकारचा पगार खाल्ला, कुशाबा. तेव्हा मी सरकार झाले होते का?"

कुशाबा गेला. बाई आपल्या उत्तरावर दोन दिवस खूश होत्या.

शाळा सुरू झाली तशी एकेक पंचाईत उभी राहिली. तासाआधी एक मिनिट प्रार्थना असे. ज्याला हात जोडायचे त्यानं जोडावेत, नको त्यानं शांत बसावं. बाई डोळे मिटत, पण एकच. दुसरा डोळा उघडा ठेवून कोणकोण डोळे उघडे ठेवतंय ते बघत. एके दिवशी भिंगारदिवे मॅडमनी तो डोळा पाहिला. फक्त हसल्या. बाईंना वाटलं, यापेक्षा छडी बरी.

मग प्रत्येक मुलाचं एक पत्रक भरायचं होतं. मुलाबद्दल तीन गोष्टी लिहायच्या, मार्कांचा संबंध नसलेल्या. त्यासाठी मुलाशी, त्याच्या घरच्यांशी बोलायचं. बाईंनी चाळीस पत्रकं एका दुपारी झोडपली. 'मुलगा शांत आहे, नियमित आहे, बरा आहे.' 'मुलगी शांत आहे, नियमित आहे, बरी आहे.' एकाशीही न बोलता. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉप्या पकडणाऱ्या बाईंनी स्वतः एकोणचाळीस कॉप्या केल्या आणि त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. हे वाक्य त्यांचंच आहे, माझं नाही.

आणि सगळ्यात अवघड होता सोमवार. सोमवारी पहिली पाच मिनिटं शिक्षकानं आपली गेल्या आठवड्यातली एक चूक मुलांना सांगायची. मग ज्या मुलांना सांगावंसं वाटेल त्यांनी. शाळेचं म्हणणं असं की मोठ्या माणसानं आधी चूक कबूल केली की मुलाला खोटं बोलायची गरज उरत नाही. आता बाईंची पंचाईत अशी, की त्यांच्या हातून चूकच होत नसे! निदान त्यांना सापडत नसे. पहिल्या सोमवारी त्या म्हणाल्या, "मी रविवारी दुपारी जरा जास्त झोपले." दुसऱ्या सोमवारी, "चहात साखर अंमळ जास्त पडली." पोरं मात्र खरीखुरी कबुली द्यायची. सावळेराम नावाच्या पोरानं सांगितलं, "म्या धाकट्याला ढकललं आन् बैलाचं नाव सांगितलं." बाई म्हणाल्या, "शाब्बास," आणि घाईघाईनं अपूर्णांकांकडं वळल्या.

फेब्रुवारीत चाचणी आली. शाळेच्या नियमानं कॅमेरा चालू ठेवायची गरज नव्हती. पण बाईंनी सगळ्यांना चालू ठेवायला लावला. "तुमचे चेहरे बघितले की मला हुरूप येतो," म्हणाल्या. कसला हुरूप, नि काय! जुनी खाज होती ती.

चाळीस चौकोनांत चाळीस डोकी. बाई चष्मा पुसून बसल्या. आणि अर्ध्या तासात त्यांना शिकार दिसली. डिंभ्याची आरती, सहावीतली. घटकाघटकाला डावीकडं बघत होती. गणित वाचलं की डावीकडं, उत्तर लिहिलं की डावीकडं. बाईंच्या अंगात वारं शिरलं. डावीकडं म्हणजे मांडीशेजारी वही, नाहीतर शेजारी बसलेला कुणीतरी शहाणा. मागच्या चाचणीत या पोरीला वीसपैकी सहा होते. या वेळी पेपर तपासला तर एकोणीस! आणि चुकलेलं एक? बाईंना त्याचाही उलगडा झाला. ते मुद्दाम चुकवलं होतं, संशय येऊ नये म्हणून. बाईंच्या डोक्यात पोलीसच बसलेला, त्याला काय!

खाली सुरेख अक्षरात ओळ होती, 'हे मी स्वतः सोडवलं. आरती.'

दुसऱ्या दिवशी भर वर्गात, चाळीस मुलं आणि मागं घुटमळणारे आईबाप यांच्यासमोर, बाईंनी विचारलं, "आरती, पेपर सोडवताना डावीकडं कोण बसलं होतं? खाली काय लिहिलंस? असं खोटं लिहायला लाज नाही वाटत?"

 आरतीचा चौकोन काळा झाला. बाईंना वाटलं, पकडली.

त्यानंतर आरती आलीच नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. फोन लावला तर उचलेना. भिंगारदिवे मॅडमचा बाईंना फोन आला. रागावल्या असत्या तर बाईंनी दोन हात केले असते. पण मॅडमनी एवढंच विचारलं, "तुम्ही तिला विचारलंत का?"

"विचारलं ना! सगळ्यांसमोर विचारलं."

"ते तुम्ही तिला सांगितलंत, बाई. विचारलं नाही." मग त्यांनी आरतीचं पत्रक वाचून दाखवलं. "शांत आहे, नियमित आहे, बरी आहे. यातली नियमित ही गोष्ट कुठून आली? दिवाळीपर्यंत तिची हजेरी अकरा दिवस आहे. एक वर्ष बुडवून आमच्याकडं आलेली मुलगी आहे ती. ही शाळा सुटली तर तिला पुढची शाळा नाही."

बाईंना लाज वाटायला हवी होती. वाटला संताप. पुरावा आणते, म्हणाल्या. वीस नव्या गणितांचा पेपर काढला, पर्समध्ये घातला आणि बुधवारी सकाळी निघाल्या. न कळवता, धाड घालायला.

"एवढ्या लांब एका पोरीला पकडायला चाललीस?" रामनाथराव म्हणाले. "फौजदारीणबाई, बेड्या घेतल्यात का?"

नारायणगाव, मंचर, घोडेगाव करत बाई डिंभ्याच्या गाडीसाठी थांबल्या. गाडी कधी येईल विचारलं तर चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "आली की दिसंल की." दोन तासांनी दिसली. बाई डिंभ्यात उतरल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि धाडीतला निम्मा जोर घामावाटे गेला होता.

आरतीची आजी, गोजरबाई, दारातच भेटली. बाईंनी नाव सांगताच तिनं तोंडावर हात मारला. "आगं बया! शाळंतल्या बाई? आमच्या घरी? आजवर कुन्या शाळंचं मानूस आमच्या दारात आलं नव्हतं वो! या, बसा. पोरगी आठ दिस झालं फोन धरंना. का, तेबी सांगंना. तिची तब्येत बघाया आलाव व्हय?"

"हो," बाई म्हणाल्या. "म्हटलं, बघून यावं."

डिंभ्यात त्या दिवशी पहिलं खोटं बोलल्या त्या बाई. आणि ते ऐकत आरती दारात उभी होती.

गोजरबाई रस्सा टाकायला आत गेली. आरतीनं बाईंना खिडकीशी बसवलं. खिडकीच्या खिळ्याला फोन टांगलेला होता, कारण घरात रेंज तेवढ्याच जागी यायची. बाईंनी सहज डावीकडं पाहिलं. उघड्या दारातून अंगण दिसत होतं. अंगणात ताडपत्रीवर धरणातले मासे वाळत घातलेले, ओळीनं. आणि कुडावर तीन कावळे, टपून. आरतीनं बसल्या जागेवरून काठी आपटली. कावळे उडाले. घटकाभरानं परत आले. तिनं पुन्हा डावीकडं पाहिलं, पुन्हा काठी आपटली.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"चाचणीच्या दिवशी पण मासे होते का गं?"

"व्हते की. आजी बाजाराला गेलती. राखन माज्याकडं व्हती."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"तुमी इचारलं, डावीकडं कोन बसलं व्हतं. कुनी बसलं नव्हतं, बाई." आरती काठीकडं बघत बोलत होती. "मंग तुमी म्हनला, लाज न्हाई वाटत का. मंग मला लई लाज वाटली. कशाची, ते नाय ठावं."

"आणि सहाचे एकोणीस?"

"दिवाळीपत्तुर आमी नारायणगावाकडं तोडनीला व्हतो. फोन बाबाकडं असायचा. म्या तास ऐकलेच नव्हते. आता ऐकते."

एवढं साधं होतं. एक फोन केला असता तरी कळलं असतं. त्या पत्रकात लिहायला तीन कशाला, तीस गोष्टी मिळाल्या असत्या. गोजरबाईनं रस्सा आणि तांदळाची भाकरी आणून ठेवली, माशाचा सगळ्यात मोठा तुकडा बाईंच्या ताटात वाढला, वर म्हणाली, "खावा बाई, आमच्या पोरीसाटी येवढ्या लांबनं आला."  बाईंना वाटलं, ताटावरून उठावं आणि चालत पिंपरी पेंढार गाठावं.

गोजरबाई भांडी घेऊन मागच्या दारी गेली, तेव्हा बाई म्हणाल्या, "आरती, त्या दिवशी जे झालं, ते जरा... म्हणजे चूक झाली असं म्हणता येईल."

चौतीस वर्षांत एकदाही न काढलेलं वाक्य. निघालं तेही असं, सरकारी परिपत्रकासारखं. आरतीनं त्यातलं काय ऐकलं कोण जाणे. ती म्हणाली, "तुमी पेपर आनलाय ना? पर्समधनं दिसतोय. द्या, सोडवते. तुमी म्होरं बसून बघा."

बाईंनी पर्सकडं पाहिलं. कागदाचं टोक बाहेर आलेलं. एवढ्या वर्षांत पकडलेली सगळी पोरं कशी दिसायची, ते त्यांना आठवलं. आज त्या स्वतः तशा दिसत होत्या.

"मी नाही बघणार," त्या म्हणाल्या. "दे ती काठी. मी मासे राखते. तू आत बस."

बाई अंगणात बसल्या, घराकडं पाठ करून. आणि खरी परीक्षा सुरू झाली ती त्यांची. मान मागं वळायला इतकी शिवशिवत होती, की ती सरळ ठेवण्यात त्यांचा सगळा जोर गेला. आत पेन्सिल थांबली की जीव खालीवर व्हायचा. पोरगी अडली का? कुणाला विचारते का? नाही, वैजयंती, वळायचं नाही! या भानगडीत समोर बघायचं राहूनच गेलं. भानावर आल्या तेव्हा कावळे खुशाल कुडावर चोच पुसत होते आणि ओळीतले दोन मासे गायब होते. कॉपीबहाद्दरांचा कर्दनकाळ म्हणवणारी बाई, तीन कावळ्यांनी डोळ्यांदेखत गंडवली! त्यांनी पटकन बाजूचे मासे सरकवून जागा भरली आणि गप्प बसल्या.

तासाभरानं आरतीनं पेपर आणून दिला. वीसही गणितं सोडवलेली. खाली जागा मोकळी.

"ओळ राहिली गं खालची."

"ती तुमी लिव्हा, बाई," आरती म्हणाली. "म्या लिव्हलेली तुमाला खरी वाटत न्हाई."

आवाजात राग नव्हता, हेच वाईट. बाईंनी पेन काढलं. बराच वेळ टोपण उघडून बसल्या. मग लिहिलं, 'हे आरतीनं स्वतः सोडवलं. मी बघत नव्हते.' आणि खाली सही केली. गाडीत त्यांनी पेपर तपासला नाही. घरी येऊनही नाही. तसाच घडी करून ठेवला.

पण आरती परत येईल का, हे काही कळलं नव्हतं. निघताना बाईंनी विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, "बघते." गुरुवारी तिचा चौकोन नव्हता. शुक्रवारीही नव्हता. रामनाथरावांनी एकही थट्टा केली नाही, यावरून घरात काय कळा होती ते समजा.

सोमवार आला. प्रार्थनेला बाईंनी दोन्ही डोळे मिटले. उघडले तेव्हा अगदी तळाच्या चौकोनात खिडकीचा खिळा आणि अर्धा चेहरा दिसत होता. आरती. नुसती ऐकायला आल्यासारखी, कडेला.

"माझी या आठवड्यातली चूक," बाईंनी सुरुवात केली. समोर चाळीस मुलं, आईबाप, त्यातले दोघेतिघे त्यांचेच जुने विद्यार्थी, आणि वरच्या कोपऱ्यात भिंगारदिवे मॅडम. "चूक या आठवड्यातली नाही, त्याच्या आधीची आहे. मी आरतीला सगळ्यांसमोर खोटी म्हटलं. ती खरी होती. ती वाळत घातलेले मासे राखत पेपर सोडवत होती. मी तिला विचारलं नाही, कारण मला वाटलं, मला सगळं आधीच माहीत आहे. तिचं पत्रक, तुमची सगळ्यांची पत्रकं, मी न विचारता भरली. माझं चुकलं. आरती, माझं चुकलं, पोरी." शेवटी आवाज फाटला. बाईंनी तो फाटू दिला.

 मॅडम हळूच म्हणाल्या, "मुलांपैकी कुणाला काही सांगायचंय?"

तळाच्या चौकोनातून आवाज आला, "मला सांगायचंय."

 आरती पुढं सरकली. आता तिचा चेहरा पूर्ण दिसत होता.

"म्या आजीशी खोटं बोलले. बुधवारी बाई आमचं मासं राखत व्हत्या, तवा दोन मासं कावळ्यांनी न्हेलं. सांजच्याला आजीनं मासं मोजलं. म्या म्हनलं, मांजरानं न्हेलं. बाईंना आजीनं हसू नये म्हनून."

मागून गोजरबाईचा आवाज आला, "आगं, पर आपल्याकडं मांजर कुठाय?"

चाळीस चौकोन एकदम हसले. मॅडम हसल्या, आईबाप हसले. आरतीही हसली. बाईंनी हसायला तोंड उघडलं, पण काही केल्या आवाज फुटेना. त्या तशाच बघत राहिल्या, हलल्याही नाहीत. थोड्या वेळानं सावळेराम म्हणाला, "बाईंची रेंज गेली वाटतं."